क्रिकेटवीर बाळू पालवणकर : जीवन आणि बोध



आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या टोकाला, अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठी मणिबेली हे आदिवासी गाव आहे. सरदार सरोवराचे पाणी महाराष्ट्रात सर्वांत आधी चढले ते या गावात. १९९० नंतरच्या वर्षांत येथल्या माणसांनी घर सोडण्यास नकार दिला आणि पाणी वाढत असताही ती आपल्या जागी बसून राहिली. मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी करणारे जे घोषणापत्र १९९४ साली निघाले, त्याला याच गावाचे नाव देण्यात आले.

मणिबेलीच्या माणसाने पणाला लावले ते स्वतःचे घर आणि शेत. पण जो माणूस दुसऱ्याच्या पगारावर जगतो, त्याने अन्यायाविरुद्ध तोंड उघडले तर पणाला काय लागते? त्याची नोकरी. आणि तो खेळाडू असेल तर संघातली जागाही. हा प्रश्न आजचा वाटतो, परंतु शंभर वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रात एका कुटुंबापुढे तो उभा राहिला होता. त्या कुटुंबातील थोरल्या भावाचे, बाळू पालवणकर यांचे चरित्र आज आपण पाहू. विद्यार्थ्यांनी ते खेळासाठी वाचावे आणि पालकांनी पोटापाण्याच्या प्रश्नासाठी वाचावे.

पालवणकर घराणे मूळचे कोकणातले, चर्मकार समाजातले. त्या काळी हा समाज अस्पृश्य मानला जाई. बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. वडील लष्कराच्या चाकरीत होते आणि त्या चाकरीमुळे कुटुंब पुण्यास आले. लष्करी छावणीत गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या चेंडू-फळीवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळ शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे भाऊही खेळात उतरले. घरात मैदान नव्हते, शिक्षक नव्हता, की पुस्तक नव्हते. जे होते ते डोळ्यांनी पाहून घेतलेले होते.

वाचकहो, बाळूंचा मैदानाशी पहिला संबंध आला तो खेळाडू म्हणून नव्हे, तर नोकर म्हणून. पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्लबात खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रूळ फिरवणे हे त्यांचे काम होते. पगार होता महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले. तेथे पगार एक रुपयाने वाढला आणि कामही वाढले. खेळपट्टी आखायची, जाळी बांधायची, आणि साहेब लोकांना सराव हवा असेल तेव्हा त्यांना चेंडू टाकायचे. फळी हातात घेण्याचा मान मात्र साहेबांचा होता. नोकराने चेंडू टाकावेत आणि आणून द्यावेत, एवढेच.

या सरावातूनच बाळूंची गोलंदाजी घडली. डाव्या हाताने ते मंद गतीचे चेंडू टाकत. त्यांत फिरकी असे, उंचसखलपणा असे, आणि फलंदाजाला बुचकळ्यात टाकणारा वेगातला फरकही असे. त्या काळचे नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग त्यांच्याकडून तासन्‌तास चेंडू टाकून घेत. आपल्याला बाद केल्यास ग्रेग दर खेपेस आठ आणे देत, अशी हकिकत सांगतात. हिशेब करून पाहा. महिन्याचा पगार चार रुपये. म्हणजे आठ वेळा साहेबाला बाद केले की एका महिन्याची कमाई. धंदेवाईक खेळाडू हा शब्द आपल्याकडे रुळण्यापूर्वीच बाळू कौशल्याचे मोल घेणारे खेळाडू झाले होते. त्यांच्याकडे करारनामा मात्र नव्हता. जे मिळत होते ते मालकाच्या मर्जीवर.

मालकाच्या मर्जीचा अर्थ त्या काळी फार कठोर होता. १८५९ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला होता. कारागिराने किंवा मजुराने आगाऊ रक्कम घेऊन काम सोडले, तर मालक त्याला न्यायाधीशापुढे उभा करू शकत असे, आणि हुकूम न मानल्यास मजुराला कैदेची शिक्षा होऊ शकत असे. पगार थकवणाऱ्या मालकासाठी त्या कायद्यात अशी शिक्षा नव्हती. हा कायदा रद्द व्हायला १९२५ साल उजाडावे लागले. बाळूंच्या खेळाचा सारा काळ या एकाच बाजूला कललेल्या कायद्याच्या राज्यात गेला, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील प्रसंगांचे मोल कळते.

बाळूंची कीर्ती पुण्यात पसरली. युरोपियनांना हरवण्याची ईर्षा बाळगणाऱ्या हिंदू क्लबापुढे पेच पडला. हा गोलंदाज घेतला तर सामना जिंकता येईल, पण त्याच्या जातीचे काय करायचे? बरीच चर्चा होऊन अखेर त्यांना संघात घेण्यात आले. मैदानावर चेंडू सर्वांच्या हातातून फिरे, त्याचा विटाळ कोणाला होत नसे. परंतु चहाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू आत कपबशीतून चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यातून चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे असे. बळी मिळवण्यासाठी बाळू आपले होते. सामना थांबला की ते परके होत.

तरीही त्यांनी खेळ सोडला नाही. पुण्या-साताऱ्याच्या मैदानांवर त्यांनी युरोपियन संघांना नामोहरम केले. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांचा जाहीर गौरव केला आणि मैदानावरची समता मैदानाबाहेरही यावी असा आग्रह धरला, अशी आठवण सांगितली जाते. पुढे बाळू मुंबईस गेले. तेथे त्यांनी रेल्वेत नोकरी धरली, रेल्वेच्या संघातून ते खेळले आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघातही आले. ही रेल्वेची नोकरी नीट लक्षात ठेवा. घरखर्चाचा आधार एकीकडे आणि जिमखान्याची संघ-निवड दुसरीकडे, अशी त्यांच्या आयुष्याची दोन खाती झाली. एका खात्यावर रागावलेला माणूस दुसऱ्या खात्यावरचे अन्न सहज काढून घेऊ शकत नव्हता.

१९०६ साली मुंबईस हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. पुढल्या वर्षापासून हिंदू, पारशी आणि युरोपियन यांचे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ साली मुस्लिम संघ आला आणि सामने चौरंगी झाले. १९३७ साली ते पंचरंगी झाले. धर्मावर संघ पाडण्याची ती पद्धत आज आपल्याला खटकते, आणि खटकावीच. परंतु त्या पद्धतीचा एक विचित्र परिणाम असा झाला की, प्रत्येक समाजाला आपल्या घरातील अन्यायही त्याच मैदानावर उघडा पाहावा लागला.

१९११ साली भारतीय संघ पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्यात पारशी होते, हिंदू होते आणि अलीगढचे मुस्लिम खेळाडूही होते. संघ बहुतेक सामने हरला. बाळू मात्र जिंकले, असेच म्हणावे लागेल. साऱ्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तेव्हा त्यांचे वय पस्तिशीचे होते. परत आल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे सांगतात. ज्या मुलांना शाळेत बाहेर बसवले जाई, त्यांना हा माणूस म्हणजे मोठा दिलासा वाटला असल्यास नवल नाही.

आता आपण मुख्य प्रसंगाकडे येऊ. बाळू हिंदू संघातील सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी गोलंदाज होते. तरी वर्षामागून वर्षे गेली, पण कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. ते उच्चवर्णीय खेळाडूंकडेच जात राहिले. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै हे दिलदार गृहस्थ होते. हा मान आपल्याआधी बाळूंना मिळायला हवा होता, हे त्यांनी सभेत बोलून दाखवले. परंतु निवड समितीचे मन पालटले नाही.

१९२० साली गोष्ट टोकाला गेली. पै आजारी होते. बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि कर्णधारपद प्रा. देवधर यांच्याकडे देण्यात आले. देवधर थोर फलंदाज होते, यात शंका नाही. पण येथे प्रश्न देवधरांच्या योग्यतेचा नव्हता, निवडीच्या रीतीचा होता. शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले. ते रुसून घरी बसले नाहीत. जातीमुळे आपल्यावर अन्याय होत आहे, असे निवेदन त्यांनी जाहीरपणे दिले आणि वृत्तपत्रांतून त्यावर चर्चा झाली. तो असहकाराचा काळ होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूर काँग्रेसने अस्पृश्यता दूर करण्याची हाक दिली. देश स्वराज्य मागत असताना आपल्याच माणसाला जिमखान्याच्या दाराबाहेर ठेवावे काय, असा प्रश्न लोक विचारू लागले.

समितीला माघार घ्यावी लागली. बाळूंना परत घेऊन उपकर्णधार करण्यात आले, आणि भाऊही परतले. पै यांनी तर सामन्यात काही वेळ स्वतः मैदानाबाहेर जाऊन संघाची सूत्रे बाळूंच्या हाती दिली. पूर्ण न्याय झाला नाही. कर्णधार ही पदवी बाळूंना शेवटपर्यंत मिळाली नाही. तो त्यांचा खेळाचा अखेरचा हंगाम ठरला. पण १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरवले. थोरल्या भावाला नाकारलेले दार धाकट्यासाठी उघडले.

वाचकहो, या भावांचे रक्षण कशाने केले, याचा थंड डोक्याने विचार करा. कायद्याने केले काय? नाही. कामगार संघटनांना मान्यता देणारा कायदा १९२६ चा. १९२० साली संप करणाऱ्याच्या मागे तोही नव्हता. खेळाडू म्हणून त्यांचा कोणाशी करार नव्हता आणि जिमखाना त्यांचा मालकही नव्हता. त्यांना तीन गोष्टींनी तारले. त्यांच्यावाचून संघ दुबळा होत होता, भाऊ फुटले नाहीत, आणि त्यांनी आपली बाजू लोकांपुढे लेखी मांडली. या तिन्ही गोष्टी ज्याच्यापाशी नसतील, त्या सामान्य खेळाडूचे काय? कायद्याची गरज असते ती अशासाठी. बाळूंसारखा गोलंदाज शतकात एखादा होतो. शे-दीडशे खेळाडूंतला शंभरावा जो असतो, त्याला निवेदन देऊन कोणी विचारीत नाही.

पुढे बाळू राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. मतभेद असूनही आंबेडकरांविषयी त्यांना आदर होता आणि आंबेडकरांनाही त्यांच्या खेळाचा अभिमान होता. १९३७ साली मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत हे दोघेच समोरासमोर आले. बाळू काँग्रेसचे उमेदवार होते. सुमारे दोन हजार मतांनी ते पराभूत झाले. ज्या मानपत्राच्या अक्षरांनी एकेकाळी त्यांचा गौरव केला, त्या हाताशी त्यांना लढावे लागले, हा नियतीचा खेळ म्हणायचा. या निर्णयाबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. थोर माणसाचे चरित्र वाचताना त्याचा प्रत्येक निर्णय आपल्याला पटलाच पाहिजे असे नाही.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, ही त्यांची नोंद मागे राहिली. आणखी एक तारीख लक्षात घ्या. अस्पृश्यतेच्या आचरणास शिक्षा ठरवणारा कायदा त्याच वर्षी १ जूनला अमलात आला. अस्पृश्यतेच्या कारणाने कोणाला व्यवसाय करण्यास आडकाठी करणे, किंवा सार्वजनिक उपाहारगृहातली भांडी वापरू न देणे, हा गुन्हा ठरला. मातीच्या भांड्यातून चहा घेतलेल्या माणसाने तो कायदा जेमतेम एक महिना पाहिला.

आता आजच्या काळाकडे वळू. आपल्या जिल्ह्यातली मुले-मुली पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. त्यांतील अनेकांची नजर पोलीस, रेल्वे, बँक येथील नोकरीवर असते. राज्य सरकारच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. तेव्हा खेळाडू-नोकराचे हक्क हा आपल्या घरचा प्रश्न आहे. तीन प्रकार वेगळे ओळखावेत.

पहिला प्रकार सरकारी नोकराचा. राज्यघटनेच्या ३११ व्या कलमाप्रमाणे चौकशी केल्यावाचून आणि बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून त्याला सहसा बडतर्फ करता येत नाही. १९६२ साली बिहारच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, सरकारी नोकरांना कोणत्याही प्रकारचे निदर्शन करण्यास सरसकट बंदी घालणारा नियम घटनेत बसत नाही. मात्र संप हा मूलभूत हक्क नाही, हेही न्यायालयाने तेव्हा सांगितले आणि २००३ साली पुन्हा सांगितले. शिवाय सेवानियमांनुसार सरकारी नोकराला राजकीय पक्षात जाता येत नाही. २०२३ साली दिल्लीच्या जंतरमंतरवर बसलेले साक्षी मलिक, विनेश फोगाट आणि बजरंग पुनिया हे रेल्वेचे नोकर होते. लैंगिक छळाच्या तक्रारींवरून केलेल्या त्या आंदोलनानंतर ते कामावर परतले. परंतु २०२४ साली विनेश व बजरंग यांनी पक्षात जायचे ठरवले, तेव्हा रेल्वेने नोटीस दिली आणि त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. निषेध आणि पक्षकार्य यांत कायदा फरक करतो, तो असा.

दुसरा प्रकार खाजगी कंपनीच्या नोकराचा. त्याच्यासाठी १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा होता. नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेने त्याची जागा घेतली आहे. पण या संरक्षणासाठी आपण कामगार आहोत हे सिद्ध करावे लागते. हंगामापुरत्या कराराने किंवा बक्षिसावर खेळणाऱ्याचा मुख्य आधार म्हणजे त्याच्या कराराचा कागद. अमेरिकेत २०१६ साली कॉलिन केपरनिक या फुटबॉलपटूने राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकून वर्णभेदाचा निषेध केला. पुढील हंगामात त्याला कोणत्याही संघाने घेतले नाही. खेळाडूंच्या संघटनेने मालकांशी केलेल्या सामूहिक करारामुळे त्याला तक्रार करता आली आणि २०१९ साली तडजोड झाली. संघात मात्र तो परतला नाही.

तिसरा प्रकार परवान्याचा आणि निवडीचा. महंमद अलींचे नाव आपल्यापैकी कोणास ठाऊक नाही? १९६७ साली व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात जाण्यास नकार दिल्यावर त्यांचा परवाना आणि अजिंक्यपद दोन्ही गेले. ते कोणाचे पगारी नोकर नव्हते, म्हणून नोकरीचा कायदा त्यांच्या कामाचा नव्हता. १९७० साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने परवाना नाकारणे मनमानीचे ठरवले, आणि १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. उमेदीची साडेतीन वर्षे मात्र परत आली नाहीत. आपल्याकडे २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, क्रिकेट मंडळ सरकारचा भाग नसले तरी त्याच्या मनमानीविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येते. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात तर खेळातल्या वादांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची तरतूद केली आहे. बाळूंना जी दाद मागायला वृत्तपत्रापलीकडे जागा नव्हती, ती मागायला आज जागा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, खेळा आणि मन लावून खेळा. पण शिक्षण सोडू नका, कारण ज्याच्यापाशी पोटाचा दुसरा आधार असतो त्याला मान ताठ ठेवणे सोपे जाते. नेमणूकपत्र आणि करार सही करण्यापूर्वी वाचा. वाचता येत नसेल तर जाणत्याकडून वाचून घ्या, आणि प्रत जपून ठेवा. अन्याय झाला तर एकट्याने आदळआपट करण्यापेक्षा सोबत्यांसह लेखी तक्रार करा, तारीख घाला, पोच घ्या. संघटना असेल तर तिचे सभासद व्हा.

पालकांनो, मुलाने अन्यायाविरुद्ध तोंड उघडले की आपण घाबरतो आणि गप्प राहा म्हणतो. ती भीती खोटी नाही, रोजीरोटीचा प्रश्न असतो. पण शिवराम आणि विठ्ठल गप्प बसले असते, तर १९२३ साली पालवणकर कर्णधार झाला नसता. मुलाला गप्प करण्याऐवजी त्याला कायदा शिकवा आणि त्याच्या पाठीशी उभे राहा. त्या तिघा भावांपाशी कायदा नव्हता, फक्त एकमेकांची पाठ होती. आपल्या मुलांना दोन्ही मिळावे, एवढे आपल्या हाती आहे.